पाडकामाची छायाचित्रे कशी घ्यावीत: १९६७ चे न्यूयॉर्क आणि पुण्यातले वाडे

पुण्याच्या पेठांमध्ये एखादा वाडा पाडायला घेतला की रस्त्याच्या बाजूने आधी पत्रे उभे राहतात, आणि कॅमेरा बाळगणाऱ्या बहुतेकांना वाडा जाणार हे त्या पत्र्यांवरूनच कळते. मग पत्र्यांच्या फटीतून जेसीबी, उडणारी धूळ आणि अर्धवट तुटलेला जिना टिपला जातो. ही छायाचित्रे दिसायला जोरकस असतात, पण त्यांतून त्या वाड्याविषयी फारसे काही कळत नाही, कारण जेसीबीच्या तोंडी आलेले एक घर दुसऱ्या घरासारखेच दिसते. पाडकामाचे छायाचित्रण मनापासून करायचे असेल तर त्यातले निम्म्याहून अधिक काम पाडकाम सुरू होण्याआधी उरकावे लागते, आणि उरलेल्यातले निम्मे वहीत करावे लागते. हे मी ठामपणे लिहितो, कारण उलट्या क्रमाने काम करून मी स्वतः फसलो आहे.

बारा वर्षांपूर्वी नारायण पेठेतले दोन वाडे एकाच आठवड्यात पाडायला निघाले होते. मी दोन्हीकडे गेलो, दीडशेच्या आसपास छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन ती सगळी 'वाडा' अशा एकाच नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. त्या जागी उभ्या राहिलेल्या दोन्ही इमारती मी आज बोट दाखवून सांगू शकतो, पण छायाचित्रातला कोणता चौक कोणत्या वाड्याचा हे मला सांगता येत नाही. तिथे पूर्वी बिऱ्हाड असलेल्या दोन ज्येष्ठ गृहस्थांना मी प्रिंट दाखवल्या, तेव्हा एकाच कोनाड्यावर दोघांनीही हक्क सांगितला, आणि दोघांच्याही आवाजात सारखीच खात्री होती.

युद्धाच्या वर्षातले पाडकाम

पत्ता आणि दिशा न चुकता लिहिण्याची शिस्त मला डॅनी लायन या अमेरिकी छायाचित्रकाराच्या कामातून लागली. लायन १९६६ च्या अखेरीस न्यूयॉर्कला परतले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नागरी हक्कांच्या चळवळीची छायाचित्रे घेतली होती, म्हणजे त्यांचा हात माणसे टिपण्यावर बसलेला होता, इमारतींवर नव्हे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला त्या वेळी सुमारे साठ एकरांवरच्या इमारती पाडल्या जात होत्या. पश्चिमेला वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी जागा मोकळी होत होती, जिथे ५ ऑगस्ट १९६६ रोजी कामाला सुरुवात झाली होती, आणि पूर्वेला ब्रुकलिन ब्रिजलगतच्या गल्ल्या पुनर्विकासात जात होत्या. पाडल्या जाणाऱ्या इमारतींत एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या घरांचा आणि गोदामांचा भरणा मोठा होता. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या परिसरातला फळे आणि भाजीचा घाऊक बाजार १९६७ मध्ये ब्रॉन्क्समधल्या हंट्स पॉइंटला हलला. आपल्याकडे मंडईतला घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यावर भोवतालच्या बोळांवर कोणती कळा आली हे ज्यांना आठवते, त्यांना त्या परिसराची कल्पना वेगळी करून द्यायला नको.

हे सगळे चालू असताना अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात पुरती गुंतलेली होती. १९६७ संपताना तिचे पावणेपाच लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनाममध्ये होते. त्याच उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉइट या शहरांत मोठ्या दंगली झाल्या, आणि २१ ऑक्टोबरला युद्धाला विरोध करणारा प्रचंड मोर्चा पेंटागॉन या अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयावर गेला. नाव कमवू पाहणाऱ्या तरुण छायाचित्रकाराने कॅमेरा घेऊन कुठे जावे याबद्दल त्या वर्षी कोणाला शंका नसावी. लायन मात्र न्यूयॉर्क राज्याच्या कला परिषदेचे अनुदान घेऊन रिकाम्या गल्ल्यांतून फिरत राहिले, आणि १९६९ मध्ये त्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. युद्धासाठी स्वतःच्याच देशातली घरे पाडण्याचा प्रकारही अमेरिकेला नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पेंटागॉनला जोडणाऱ्या रस्त्यांसाठी आर्लिंग्टनमधली क्वीन सिटी ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली होती. न्यूयॉर्कमधले पाडकाम मात्र युद्धासाठी नव्हते. ते रीतसर परवानगीने, ठेकेदाराच्या वेळापत्रकाप्रमाणे, कामाच्या दिवशी सकाळी सुरू होऊन संध्याकाळी थांबणारे काम होते. मला वाटते, त्या छायाचित्रांत आरडाओरडा नाही याचे एक कारण तेच असावे. ज्याला पुण्यात हे काम करायचे आहे त्याने ती एकदा निवांत पाहावीत आणि छायाचित्रांइतकेच त्यांखालच्या ओळींकडे लक्ष द्यावे: '८८ गोल्ड स्ट्रीटवरून दक्षिणेकडे', 'वॉशिंग्टन स्ट्रीट, चेंबर्स स्ट्रीटपासून उत्तरेकडे'. कॅमेरा कुठे होता आणि त्याचे तोंड कुठे होते हे त्या ओळीत लिहिलेले असते, हळहळ लिहिलेली नसते.

पत्रे लागण्यापूर्वी

वाडा जाणार याची चाहूल काही महिने आधी लागते, फक्त ती पाहायची सवय हवी. दारावर महापालिकेची धोकादायक बांधकामाची नोटीस चिकटते. एकेका बिऱ्हाडाचे सामान टेम्पोत चढते. विजेचे मीटर निघतात आणि त्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरतात. मग एक दिवस जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन खांबांवर बोटे वाजवून जातो. हा व्यापारी येऊन गेल्यावर आपल्या हातात फार तर आठवडा आहे असे समजावे.

परवानगी या टप्प्यावरच मागावी, कारण पत्रे लागल्यानंतर जागा ठेकेदाराच्या ताब्यात जाते आणि अनोळखी माणसाला आत घेण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. एका पानाचे साधे पत्र लिहावे, त्यात आपण कोण, किती वेळ येणार आणि छायाचित्रांचे पुढे काय करणार हे स्पष्ट नमूद करावे, आणि त्याच्या प्रती मालक, उरलेले भाडेकरू आणि विकसक अशा तिघांनाही द्याव्यात. आपल्याकडे मालक आणि भाडेकरू यांचे वाद कित्येकदा दोन पिढ्यांचे असतात, त्यामुळे 'तुम्ही कोणाकडून आलात?' हा प्रश्न ठरलेलाच असतो. छायाचित्रांचा एकच संच सगळ्यांना मिळेल असे सांगावे आणि तसेच वागावे. कोणाच्या खोलीचे मोजमाप किती, पोटमाळा अधिकृत होता की नव्हता, या चर्चेत चुकूनही पडू नये.

वाड्याला चार वेळा जावे: माणसे राहत असताना, तो रिकामा झाल्यावर, पाडकाम चालू असताना, आणि जागा मोकळी झाल्यावर. पहिली खेप सगळ्यात अवघड असते, कारण लोकांचे घर मोडत असते आणि आपण त्यांच्या दारात उभे असतो. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसता चहा घेऊन परत आलो तरी तो दिवस वाया गेला असे मी मानत नाही.

दर्शनी भागाचे छायाचित्र समोरच्या बोळातून घेऊ नये. सहा-आठ फुटांच्या बोळात मागे सरकायला जागा नसते, म्हणून आपण कॅमेरा वर करतो आणि वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत परवानगी मिळवावी, कॅमेरा वाड्याच्या निम्म्या उंचीवर येईल असा ट्रायपॉड लावावा आणि तो पूर्ण पातळीत ठेवावा, म्हणजे खांब खांबासारखे उभे राहतात. लेन्स २४ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यानची पुरते. फोनमधल्या अति रुंद लेन्सने कडेची खिडकी ताणली जाते, म्हणून फोनच असेल तर साध्या लेन्सने वाडा तुकड्यातुकड्यांत टिपलेला बरा. प्रकाशाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हाचे सगळे कौतुक करतात, पण त्या उन्हात पुढे आलेल्या सज्जाची सावली निम्मा दर्शनी भाग गिळून टाकते. आषाढातल्या ढगाळ आभाळाखाली, पाऊस थांबलेला असताना, लाकडी कठडे, गज आणि भिंतीवरचे जुने रंगांचे थर जितके नीट दिसतात तितके इतर कधी दिसत नाहीत.

आत गेल्यावर

रिकाम्या वाड्यात छायाचित्रकार हमखास भरकटतो, कारण जिकडे पाहावे तिकडे चित्र दिसते. म्हणून आधी घराच्या क्रमाने जावे: दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परसू आणि असलाच तर आड किंवा हौद. प्रत्येक खोलीची चारही कोपऱ्यांतून चार छायाचित्रे छातीच्या उंचीवरून घ्यावीत. ही कंटाळवाणी छायाचित्रे असतात, आणि पुढे कोणी संशोधक किंवा त्या घरातली नात ती पाहायला बसते तेव्हा हीच आधी मागितली जातात. आतला अंधार आणि चौकातला उजेड एका छायाचित्रात मावत नाहीत, म्हणून ट्रायपॉडवर एकाच जागेवरून तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरची, म्हणजे कमी-जास्त उजेड घेणारी, छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅश वापरू नये. समईच्या काजळीने काळा झालेला कोनाडा फ्लॅशमध्ये सपाट होतो, आणि ती काजळी हाच तिथला दस्तऐवज असतो. छतासाठी सरळ जमिनीवर आडवे व्हावे. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, आडव्या कड्या छायाचित्रात मोजता आल्या पाहिजेत, कारण जुन्या घराचे माप खणांत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अंतरांत, सांगितले जाते आणि ते खण उद्या कोणाला मोजता येणार नाहीत. खांबाखालच्या दगडी तळखड्याजवळ फूटपट्टी ठेवून एक तरी छायाचित्र घ्यावे.

मग क्रम सोडून भटकावे. सदाशिव पेठेतल्या एका माजघराच्या दाराच्या चौकटीवर, ऑइल पेंटवर, पेन्सिलीने आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे इयत्ता लिहिलेली होती. वरून दुसरी रेघ 'दहावी' ची होती, आणि तिच्या बोटभर वर तेच अक्षर पुन्हा 'दहावी' म्हणत होते. मुलगा नापास झाला होता की मोजणाऱ्याने वर्षातून दोनदा मोजले होते हे विचारायला घरात कोणीच उरले नव्हते. समोरून पाहिले तर रंगाच्या चकाकीत या रेघा दिसतच नव्हत्या. अशा वेळी खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावी आणि चकाकी लेन्सकडे येणार नाही अशा कोनात कॅमेरा ठेवावा. पेन्सिलीची रेघ, खिळ्याने कोरलेले नाव, चुन्यात उमटलेला हात, सगळे वर येते. लायन यांच्या संग्रहात एका जुन्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे, जिच्या जमिनीवर गवत उगवले आहे. ती खोली सापडायला तीन मजले चढून जावे लागले असणार, हे मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगतो, कारण आपल्यातले बहुतेक जण चौकातूनच परत फिरतात.

पाडकाम चालू असताना

जुना वाडा बहुतेक वेळा वरून खाली आणि लाकडाच्या किमतीच्या क्रमाने उतरतो. आधी कौले, मग वासे, पाट, कड्या, तुळया आणि खांब. जेसीबी शेवटी येतो, माती आणि विटांसाठी. सागवान विकले जाते, आणि कड्याकोयंडे, गज, नक्षीच्या पट्ट्या यांतले काही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पुन्हा दिसू शकते, तिथेही एक बुधवार किंवा रविवार कॅमेरा घेऊन जावे. हा क्रम छायाचित्रकाराच्या जिवाशी निगडित आहे. लाकडी सांगाडा काढल्यावर उरलेली विटा-मातीची भिंत कशालाच बांधलेली नसते आणि ती सांगून पडत नाही. म्हणून उभ्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावे, पाट निघालेल्या मजल्यावर पाऊल ठेवू नये, रात्री पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी आत जाऊच नये. हेल्मेट, जाड तळव्याचे बूट आणि मास्क यांवर वाद घालू नये. राडारोड्यात वर तोंड करून पडलेले खिळे चपलेतून सहज आरपार जातात. लेन्स जागेवर बदलू नये. धूळ बसली तर ब्लोअरने उडवावी, रुमालाने पुसू नये, कारण त्या धुळीत चुना आणि रेती असते आणि काचेवर कायमचे ओरखडे उठतात. ड्रोनचा विचार असेल तर पुण्यात लोहगावचा हवाई तळ आहे हे लक्षात घेऊन आधी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपली जागा तपासावी.

लायन यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे त्यांनी काढलेली पाडणाऱ्या कामगारांची छायाचित्रे. त्यांत मजूर खलनायक नाहीत. ते भिंतीच्या माथ्यावर उभे राहून, तीच भिंत पायाखालून काढणारे कसबी लोक आहेत, आणि ते थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. आपल्याकडे वाड्याविषयी हळहळणारे लोक या माणसांकडे पाठ फिरवून उभे राहतात. हे मला पटत नाही, कारण घर कसे जोडले होते हे शेवटचे पाहणारे डोळे त्यांचेच असतात. एका मुकादमाने मला तुळईवर हातोडीची मागची बाजू ठोकून आवाज ऐकवला होता. एका टोकाला खणखणीत, आणि भिंतीत शिरलेल्या टोकाला मातीच्या मडक्यासारखा बद्द. 'हे टोक वाळवीनं खाल्लंय साहेब, हिकडनं नका येऊ,' एवढे बोलून तो पुढे गेला. त्या दिवशी दुपारी ते टोक खरोखरच हातात आले, आणि मला त्याचे छायाचित्र मिळाले ते केवळ मी कुठे उभे राहू नये हे मला कळले होते म्हणून.

कामगारांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि विचारायची वेळ म्हणजे चहाची सुट्टी. घमेली, पहारी बाजूला ठेवलेल्या असतात, बोलायला सवड असते. पुढच्या खेपेला प्रत्येकाच्या हातात त्याची प्रिंट द्यावी. फोनवर पाठवू असे म्हणून टाळू नये. मजुरांच्या टोळ्या आठ-दहा दिवसांत दुसऱ्या कामावर जातात, त्यामुळे ही प्रिंट लगेच काढावी लागते.

वही

प्रत्येक छायाचित्रामागे निदान इतके लिहिलेले असावे: तारीख, वेळ, पेठ, घरांक, सिटी सर्व्हे नंबर, कॅमेरा कुठे होता, तोंड कोणत्या दिशेला होते. वाड्याचा कच्चा नकाशा वहीत काढून त्यावर क्रमांक घालून बाण काढले की काम निम्म्याने हलके होते. 'मधल्या चौकातून पश्चिमेकडे, सकाळी ९.१०, वरच्या मजल्याचे पाट निघालेले' एवढी ओळ पुरते. 'हरवलेले दिवस' असले काही लिहायचा मोह झाला तर ते वेगळ्या पानावर लिहावे. घरी आल्यावर हीच ओळ फाइलच्या आतल्या वर्णनात भरावी, कारण फोल्डरची नावे बदलतात आणि फाइली एकट्याच भटकतात. प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक घराबाहेर.

छायाचित्रे निवडावीत, पण पुसू नयेत. अमेरिकेच्या सरकारी छायाचित्रण विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर १९३० च्या दशकात नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत असत. हा विभाग १९४२ मध्ये युद्ध माहिती कार्यालयाकडे गेला, निगेटिव्ह पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोहोचल्या, आणि आज त्या छापल्या की कोणाच्या तरी चेहऱ्यावर किंवा छपरावर काळे वर्तुळ येते. आपण नापास केलेल्या छायाचित्राच्या कोपऱ्यात शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या वाड्याची खिडकी आलेली असते, आणि तिचा उपयोग तो वाडा गेल्यावर कळतो. पॅरिसमध्ये चार्ल्स मारव्हिल यांनी पाडल्या जाणार असलेल्या रस्त्यांची सुमारे ४२५ छायाचित्रे महापालिकेसाठी घेतली होती, आणि ती आजही रस्त्यांच्या नावांवरून शोधता येतात. लायन यांच्या बाबतीत तर ज्या मनोऱ्यांसाठी त्यांतली काही घरे गेली ते मनोरेच ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळले आणि २००५ मध्ये पुस्तक पुन्हा छापले गेले. छायाचित्रांकडे पाहण्याची लोकांची नजर त्या मधल्या काळात पार बदलली होती, पण त्यांखालचे पत्ते होते तसेच उपयोगी राहिले.

शेवटची खेप वाड्याची जागा मोकळी झाल्यावरची. या वेळी शेजारच्या उघड्या पडलेल्या भिंतीकडे आधी पाहावे, कारण तिच्यावर गेलेल्या वाड्याच्या जिन्याची तिरकी रेघ, प्रत्येक मजल्याच्या कड्यांची भोके आणि खोल्यांचे वेगवेगळे रंग अजून असतात. नव्या इमारतीचे खोदकाम सुरू झाले की ती भिंत आधी झाकली जाते. त्यानंतर समोरच्या गॅलरीत जाऊन पहिल्या दिवशी जिथे ट्रायपॉड ठेवला होता तिथेच तो ठेवावा. त्यासाठी पहिल्या दिवशीच ट्रायपॉडच्या तिन्ही पायांजवळ जमिनीवर खडूने खुणा करून त्यांचा फोनवर एक फोटो घ्यावा आणि गॅलरीच्या मालकांचा नंबर वहीत लिहून ठेवावा, कारण इमारत पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर समोरच्या घरातले लोकही बदललेले असू शकतात.